फूट क्लिनिकच्या सिस्टरना, उघड पत्र

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या खोलीबाहेर रांगेत बसणाऱ्यांना तुमचं नाव बहुधा ठाऊक नसतं. 'त्या पायाच्या सिस्टर' एवढीच तुमची ओळख. मीही इथे नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. तरी आभार चारचौघांत मानायचे आहेत, आणि त्याला कारण आहे. बाबांचा पाय वाचला हे कळल्यापासून नात्यातले, ओळखीतले लोक मलाच विचारायला लागलेत. टाच दुखते, दाखवू का? नख काळं पडलंय, थांबू का? उत्तरादाखल मी तुमचीच वाक्यं ऐकवते. लोक मला हुशार समजतात. हे श्रेय ज्याचं त्याला पोचतं करावं म्हणून हा खटाटोप.

बाबांना तुमच्याकडे आणलं होतं ते फक्त नखं कापायला. जुनी शुगर, नजर अधू, वाकता येत नाही. नखं कापून झाली आणि तुम्ही म्हणालात, "मोजे काढलेच आहेत तर तळवाही बघून घेते." अंगठ्याच्या खाली, चवड्यावर, जाड घट्टा होता. तो आम्हीही पाहिलेला होता. त्याच्या मधोमध एक तपकिरी ठिपका होता, तो मात्र तुम्हीच पाहिलात. बाबा म्हणाले, मळ असेल. तुम्ही ब्लेडने घट्टा थरथर उतरवत नेलात. घट्ट्याखाली रक्त साकळलं की असा डाग दिसतो आणि आत जखम तयार होत असते, हे सांगता सांगताच ती जखम दिसली. वरून बारीक, आत खोल. तेवढा वेळ बाबा पेपर वाचत होते. ब्लेड चालतंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. मला घाम फुटला तो जखम बघून नाही, त्यांचं ते निवांत पेपर वाचणं बघून.

मग तुम्ही तो नायलॉनचा जाडसर धागा काढलात. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. "डोळे मिटा, लागलं की हो म्हणा." तुम्ही धागा टेकवत होता आणि बाबा गप्प. कंप पावणारा धातूचा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवलात, तरी गप्प. शेवटी पायाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन्ही नाड्या चाचपल्यात, तेव्हा कुठे तुमचा चेहरा सैलावला. नसा बधिर झाल्यात, पण रक्त पोचतंय. म्हणजे जखम भरेल. फक्त तिच्यावर भार पडता कामा नये.

हे 'फक्त' बाबांना फार जड गेलं. त्यांना मलम हवं होतं, भारीतली पावडर हवी होती. तुम्ही त्यांच्या पायात गुडघ्यापर्यंतचा, सहज काढता न येणारा साचा चढवलात आणि म्हणालात, "औषध हेच. चालताना दर पावलाला तुम्ही ती जखम पुन्हा उघडताय." बाबा रुसले, तुमच्याशी बोलेनात. तुम्ही मात्र ड्रेसिंग करता करता त्यांना डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट सांगत राहिलात. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे हे सर्जन. कुष्ठरोगात हातापायाची बोटं आपोआप सडून झडतात अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिलं की वेदनाच कळत नसल्याने माणूस त्याच जखमी हातापायांवर काम रेटत राहतो, आणि बोटं जातात ती त्यामुळे. वेदना ही राखण आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. मधुमेहाच्या पायाचं हेच गणित. बाबांचा रुसवा त्या दिवशी थोडा निवळला. डॉक्टरांच्या गोष्टी त्यांना पूर्वीपासून आवडतात, हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे.

म्हणून सगळ्यांना पहिलं सांगते ते हे. शुगर असेल आणि पाय बधिर असतील, तर 'दुखत नाही' हा दिलासा धरू नका. तळव्यावरचा फोड, चीर, डाग लागलेला घट्टा, मोज्याला लागलेला ओलसरपणा, काहीही दिसलं तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवायचं. पाय बरे असले तरी वर्षातून एकदा त्यांची तपासणी हवीच, बधिरता असेल तर जास्त वेळा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणी बघायच्या. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. घरातही अनवाणी चालायचं नाही. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही, कारण पाणी किती गरम आहे हे त्या पायांना कळत नाही.

आणि एक गोष्ट, जी तुमच्याकडे येईपर्यंत मी कधी ऐकलीच नव्हती. बधिर पाय अचानक सुजला, लाल झाला, हाताला दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला, जखम कुठेच नाही आणि दुखणंही बेताचंच, तर ती नुसती मुरगळ समजू नये. आतली हाडं आणि सांधे ढासळत असू शकतात. याला शार्कोचा पाय म्हणतात. सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसेलच असं नाही. चालणं तिथेच थांबवायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. उशीर झाला तर तळव्याची कमान खचते आणि पायाचा आकार कायमचा बिघडतो.

आता माझी टाच. बाबांच्या ड्रेसिंगच्या वेळी मी उभी राहताना ओठ चावला, तेवढ्यावरून तुम्ही हेरलंत. एकच प्रश्न विचारलात, "सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट का?" हो. मग चार पावलं चाललं की जरा बरं, आणि फार वेळ उभं राहिलं की पुन्हा ठणका. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो त्याचं हे दुखणं. माझ्याकडे एक्स-रेचा रिपोर्ट होता, 'टाचेचं हाड वाढलंय' असा. तो काटा काढून टाकावा लागेल या भीतीने माझी झोप उडाली होती. तुम्ही म्हणालात, असा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतो, त्याच्या मागे लागू नका. पोटरीचे आणि तळव्याचे ताण रोज, पायाला नीट आधार देणारा जोडा, उभं राहणं कमी, आणि धीर. बहुतेकांना वर्षाच्या आत ऑपरेशनशिवाय आराम पडतो, पण तो आठवड्याभरात पडत नाही. हे शेवटचं वाक्य दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून लोक आठव्या दिवशी व्यायाम सोडतात.

कधी दाखवायचं, तेही सांगितलंत. पडल्या पडल्याही किंवा रात्री टाच ठणकते, मुंग्या येतात, ताप आहे, टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली तर कळ येते (हाडाला बारीक तडा असू शकतो आणि पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत लपतो), किंवा काही आठवडे नेमाने ताण देऊनही फरक नाही.

कुरूप आणि चामखीळ यांतला फरक तर मी आता पैज लावून सांगते. कुरूप वरून दाबलं की दुखतं. तळव्यावरची चामखीळ बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, आणि तिच्यात काळे ठिपके दिसतात, ती गोठलेली बारीक रक्तवाहिन्यांची टोकं. कुरूप जोड्याच्या दाबाने होतं, त्यामुळे जोडा बदलल्याशिवाय कितीही वेळा काढलं तरी ते परत येतं. दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत सॅलिसिलिक ॲसिड असतं. मधुमेह असलेल्यांनी किंवा पायाला रक्त कमी पोचतं त्यांनी ती मुळीच लावू नये. चांगल्या कातडीलाही ती खाते. घरी ब्लेड तर कुणीच चालवू नये. तुमचा हात बघून सोपं वाटतं, तेवढं ते सोपं नाही.

नखांचं थोडक्यात. सरळ आडवी कापायची, कोपरे आत कोरायचे नाहीत. नख मांसात रुतून लाली, पू आला किंवा कडेचं मांस वर आलं, तर कोरत बसण्यापेक्षा दाखवावं. बधिर करून नखाची तेवढी कडा काढतात. जाड, पिवळट नखाची घाई नाही. पण महिनोन्‌महिने गोळ्या घेण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा, कारण असं दिसणारं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. आणि उपचार लागू पडला तरी अंगठ्याचं नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं. चिखल्यांना मात्र हलकं समजू नये. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, मलम त्या दिसेनाशा झाल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत लावायचं. पाय लाल होऊन सुजण्याचा मोठा संसर्ग पुष्कळदा याच चिरांतून आत शिरतो.

काळ्या नखावर तुम्ही थांबून बोलला होतात, म्हणून मीही थांबते. ठेच लागून काळं पडलेलं नख वाढेल तसा तो डाग पुढे सरकतो. सरकत नाही, रुंद होत जातो, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर पसरतो, असा पट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचा. बॉब मार्ली या गायकाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉलमधली इजा समजला गेला होता. 1977 मध्ये तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग असल्याचं निदान झालं. 1981 मध्ये तो गेला, वय अवघं 36. सावळ्या-काळ्या त्वचेच्या माणसांत हा कर्करोग झालाच, तर तळवे आणि नखांखाली सापडण्याचं प्रमाण अधिक असतं. आजार तसा विरळा आहे. ठेच लागलेल्या प्रत्येकाने घाबरून जावं असं नाही, हेही तुमचंच वाक्य.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं दुखणं तुम्ही पाय न बघताच ओळखलंत, तो किस्सा मी सगळ्यांना सांगते. थोडं चाललं की पोटरी भरून येते, उभं राहिलं की दोन मिनिटांत शांत, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. तुम्ही लगेच विचारलंत, "सिगारेट?" ते लाजले. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं हे लक्षण. घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजून दोन्हींची तुलना करतात, साधी, न टोचणारी तपासणी. रक्तवाहिन्या पायात आखडल्या की हृदयाकडेही बघावं लागतं, म्हणून हे वयाचं दुखणं म्हणून सोडायचं नाही.

रात्री-अपरात्री मला फोन येतात, तेव्हा मी तुमची ताकीद तोंडपाठ म्हणते. पडल्यानंतर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. घोट्यामागे फटकन आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर मोठा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. पाय अचानक थंड, पांढराफटक पडून असह्य दुखतोय, किंवा बोट काळं पडतंय, तर सकाळची वाट बघायची नाही. जखमेभोवतीची लाली पेनाने आखून ठेवा. रेषेबाहेर गेली किंवा थंडी वाजून ताप आला, तर निघा. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा, आणि सोबत धाप लागत असेल तर ॲम्ब्युलन्स. मध्यरात्री अंगठ्याचा सांधा लालभडक होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसेना, तर बहुधा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात. पण पहिल्यांदाच होत असेल तर दाखवायचंच, कारण सांध्यात पू झाला तरी चित्र असंच दिसतं.

यातलं तुम्ही काहीही घाईने सांगितलं नाहीत. बाहेर रांग असायची, तुमची पाठ दुखायची, हे मला दिसत होतं. खाली वाकून, दुसऱ्याचा पाय मांडीवर घेऊन दिवसभर काम करणाऱ्या माणसाच्या पायांकडे कोण बघतं, हा प्रश्न विचारायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. आता विचारते. उत्तर द्यावंच लागेल.

बाबांची जखम पूर्ण भरली आहे, कातडी अजून गुलाबी आहे. भरलेली जखम पुन्हा उघडण्याची शक्यता मोठी असते, हे त्यांनी या खेपेला मनावर घेतलंय. नवे, पुढे ऐसपैस जोडे आलेत; तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाय थोडे फुगलेले असतात म्हणून संध्याकाळी मापं घेतली. ते थोडा वेळ घालून काढायचे आणि कुठे लाली राहते का बघायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. रोज आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात आणि मला अहवाल देतात. पुढच्या तपासणीला जुने जोडेही घेऊन या म्हणाला होतात, तळ कुठे जास्त झिजलाय ते बघायला. ते पिशवीत भरून ठेवले आहेत.

तुमची आभारी,
पेपर वाचणाऱ्या बाबांची मुलगी