घरच्या नेटबद्दल आई-बाबांना

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, कोणत्या कंपनीचं नेट घेऊ ते एकदाचं सांग. नाव मी इथून सांगणार नाही. बीएसएनएल, जिओ, एअरटेल, शिवाय आपल्या भागातले केबलवाले, सगळ्यांची सेवा गल्लीगणिक बदलते. नागपुरात धरमपेठेत आत्याकडे जे छान चालतं, ते त्रिमूर्तीनगरात आपल्या गल्लीत चालेलच असं नाही. बिघाड झाल्यावर कोणता माणूस येतो आणि किती वेळात येतो, यावर सगळं आहे. म्हणून आधी समोरच्या काकांना आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारा. 'नेट कसं आहे' असं विचारलं की सगळेच 'ठीक आहे' म्हणतात. 'मागच्या वादळात झाडाची फांदी पडली, तेव्हा किती दिवस बंद होतं?' असं विचारा.

दुसरं, फायबर, म्हणजे नेटची काचेची तार, थेट घरात येणार का, हे कंपनीच्या माणसाकडून वदवून घ्या. काही जण फायबर खांबावरच्या किंवा कुणाच्या गच्चीवरच्या डब्यापर्यंतच आणतात आणि पुढे घरापर्यंत तांब्याची लॅन केबल ओढतात. त्या डब्याला वीज लागते. मे महिन्यात घरोघरी कूलर-एसी सुरू असताना लाईन गेली, की थोड्या वेळात डबा बंद. मग घरात इन्व्हर्टर असूनही नेट नाही. सध्याच्या कनेक्शनचं नेमकं हेच होतं, आणि ऐन दुपारी, ४५ अंशांत, तुमचा फोन लागत नाही तेव्हा इथे माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. घराच्या आत मोबाईलला रेंज नसते ना, तुमचं बोलणं वाय-फाय कॉलिंगवरच चालतं.

थेट फायबरमध्ये सहसा मधल्या वाटेवर विजेची गरज नसते. घरातल्या मोडेमला इन्व्हर्टरची लाईन दिली की बहुतेक वेळा काम भागतं. शिवाय काचेच्या तारेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात कडकडाट झाला तरी त्या वाटेने मोडेम जळायची भीती नाही. भिंतीतल्या प्लगमधून मात्र झटका येऊ शकतो, म्हणून वीज चमकायला लागली की आई, प्लग काढून ठेवत जा.

बाबा, लँडलाइनचा विषय तुमच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून नीट सांगते. आपल्या जुन्या तांब्याच्या फोनला एक्सचेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, त्यामुळे अख्खा मोहल्ला अंधारात असला तरी तो वाजायचा. फायबरवरचा लँडलाइन मोडेमवर चालतो. मोडेम बंद तर फोनही बंद. तेव्हा मोडेम इन्व्हर्टरच्याच पॉइंटवर बसवा, तिथे जागा नसेल तर मोडेमसाठी छोटा बॅटरीवाला यूपीएस मिळतो, तो मी पाठवते. आणि अर्ज करण्याआधी नंबर तोच राहील का, हे विचारून घ्या. तुमच्या सगळ्या मित्रांच्या डायऱ्यांत तोच नंबर आहे.

वेगाच्या जाहिरातींना भुलू नका. व्हिडिओ कॉलला ४ एमबीपीएस पुरतात, टीव्हीवर चांगल्या चित्राला ५ च्या आसपास. आईची भजनं, तुमच्या बातम्या आणि माझा कॉल एकदमच सुरू झाले तरी ३० ते ५० चा प्लॅन भरपूर आहे. जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, म्हणजे ४९९ चा प्लॅन ५८९ च्या घरात जातो. वर्षाचे पैसे एकदम भरले की सूट देतात, पण आत्ता भरू नका. आधी दोन-तीन महिने महिन्याचंच घ्या. एक उन्हाळी वादळ त्यात निघालं तर फारच उत्तम. मोडेमची अनामत घेतली तर पावती मागा, ती परत मिळते का तेही लिहून घ्या.

मोडेम टीव्हीच्या मागे किंवा कपाटात ठेवू देऊ नका. बैठकीत, उंचावर, मोकळा ठेवा. आपल्या घराच्या भिंती जाड आहेत, देवघरापर्यंत सिग्नल पोचतो का, हे बसवायला आलेला माणूस घरात असतानाच आईच्या फोनवर पाहून घ्या. नंतर तो लवकर सापडत नाही.

तक्रार केली की क्रमांक घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. तरी काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ट्राय म्हणजे सरकारी दूरसंचार नियामक, त्याच्या नियमांत ती सोय आहे. ते पत्र मी लिहून देईन. पण 'तुमचं नेट बंद होणार आहे' म्हणत कुणी फोनवर ॲप टाकायला किंवा ओटीपी सांगायला लावलं, तर एक शब्दही न बोलता फोन ठेवा आणि मला कळवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझी वाट पाहू नका.

शेजारी काय म्हणतात ते रविवारी सांगा. अर्ज आपण सोबतच भरू.

तुमची,
मनू