तेहतीस रुपयांत निवारा चालत नाही

प्रति,
माननीय केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाची मुदत 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली. शहरी बेघरांचे निवारे याच अभियानाच्या पैशावर चालत होते. त्याच्या जागी येणाऱ्या योजनेत निवाऱ्यांच्या खर्चाचा जुना तक्ता तसाच उतरवला जाऊ नये, म्हणून महाराष्ट्रातले आम्ही काही नगरसेवक आणि निवारे चालवणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते हे पत्र लिहीत आहोत.

2013 च्या मार्गदर्शक सूचनांत 50 जणांचा निवारा चालवायला वर्षाला 6 लाख रुपये धरले होते. महिना 50 हजार, म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम 33 रुपये. दार चोवीस तास उघडे ठेवायचे तर तीन पाळ्यांना तीन काळजीवाहक, सुटीच्या दिवसाला बदली माणूस आणि वर एक व्यवस्थापक लागतो. किमान वेतन दिले तर पगारातच रक्कम संपते. वीजबिल, चादरींची धुलाई, ढेकणांची फवारणी, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायची रिक्षा, हे सगळे उरतेच. मग दिवसपाळीचा माणूस कमी होतो आणि सकाळी दाराला कुलूप लागते. रात्रभर मार्केटात हमाली करून झोपायला आलेला माणूस संध्याकाळपर्यंत पायरीवर बसतो. कागदावर निवारा चालूच असतो! खर्चाचा आकडा त्या त्या राज्याच्या किमान वेतनाशी जोडावा आणि हप्ता तिमाहीच्या सुरुवातीलाच द्यावा. जुन्या अभियानात केंद्राचा वाटा पाच वर्षांनी थांबत असे, तेव्हा लहान नगर परिषदेकडे पर्याय नसे.

जागेचा घोळ याहून जुना आहे. एक लाख लोकसंख्येमागे 100 जणांचा निवारा आणि माणशी किमान 50 चौरस फूट, हा अभियानाचा निकष चांगला होता. पण बेघर माणूस काम मिळते तिथेच झोपतो: स्टेशन, एसटी स्टँड, मार्केट यार्ड, मजूर अड्डा. पालिकेला रिकामी इमारत सापडते ती गावाच्या टोकाला, बहुधा बंद पडलेली शाळा. सकाळी लवकर नाक्यावर उभे राहायचे तर तिथून रिक्षाभाडे कोण भरणार? खाटा रिकाम्या राहतात आणि अहवालात ‘मागणी नाही’ असा शेरा पडतो. स्टेशनालगतच्या पडीक जमिनी रेल्वेच्या आहेत. त्या नाममात्र भाड्याने मिळवून देणे पालिकेच्या आवाक्यातले नाही. ते आपण आणि रेल्वेमंत्र्यांनी एकत्र बसून करायचे काम आहे. नव्या निवाऱ्यांत कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्याही हव्यात. नवरा एका इमारतीत आणि बायको-मुले दुसरीत, अशी सोय असेल तर कुटुंब फुटपाथ सोडत नाही.

निवाऱ्यातून पुढे जायचे कुठे? पंतप्रधान आवास योजना–शहरी 2.0 मध्ये केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा वाटा धरूनही उरलेली रक्कम कर्जाने उभी करावी लागते. पगाराची पावती नसलेल्याला बँक दारात उभी करत नाही. याच योजनेतल्या भाड्याच्या घरांच्या लाभार्थ्यांत बेघरांचा उल्लेख आहे, पण अनामत आणि महिन्याचे भाडे एकरकमी मागितले की तोही कागदावरच राहतो. प्रत्येक प्रकल्पात काही खाटा निवाऱ्यातल्या लोकांसाठी राखाव्यात, अनामत योजनेतून भरावी आणि भाडे आठवड्याला घ्यावे. पावसाळ्यात बांधकामे थंडावली की थकबाकी होणार, हे आधीच धरून चालावे.

आधारचे आणखी एक. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला पत्त्यासाठी चालतो, तरी काही केंद्रांवर तो परत करतात. त्यातून आधार निघाले तरी अर्ज ओटीपीवर अडतो, कारण फुटपाथवर मोबाइल चोरीला जातो आणि त्याबरोबर नंबरही. निवाऱ्यातच अंगठा किंवा चेहऱ्यावरून पडताळणीची सोय द्या.

2011 च्या जनगणनेत शहरी बेघर 9 लाख 38 हजार भरले. ती मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. 2027 च्या मोजणीत प्रगणकांसोबत निवाऱ्यांचे कार्यकर्ते द्यावेत आणि पहाटे मार्केट यार्डात दुसरी फेरी घ्यावी. रात्रपाळीचे हमाल त्या वेळी ट्रक उतरवत असतात, फुटपाथवर सापडत नाहीत.

आपले,
शहरी बेघरांचे काम पाहणारे नगरसेवक व कार्यकर्ते, महाराष्ट्र