आमच्या गल्लीच्या वॉलमन आबांना

आबा, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल, अशा भरवशावर लिहितोय. गल्लीला पाणी सोडायचा वॉल फिरवायच्या नोकरीतून ३१ मेला तुम्ही निवृत्त झालात. गल्लीने टोपी-टॉवेल-नारळ देऊन तुमचा सत्कार केला आणि मी नेमका त्या दिवशी लग्नाला धुळ्याला. तेव्हा तोंडावर बोलायचं राहिलं ते इथे चारचौघांत बोलतो.

दिवाळीच्या पाडव्याला लेकीच्या हट्टापायी फिशटँक आणला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुकानदाराने त्याच पिशवीत पांढरे संगमरवरी खडे, पंप, निळ्या औषधाची बाटली आणि सहा गोल्डफिश दिले. ‘घरी जाऊन पाणी भरा, अर्ध्या तासाने मासे सोडा,’ म्हणाला. मी नळाचं पाणी भरलं, सोडले मासे. पाचव्या दिवसापर्यंत चार गेले. उरलेले दोन वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. पाणी मात्र आरशासारखं नितळ! लेक रडत होती, मी रोज निळं औषध टाकत होतो आणि बायको म्हणत होती, आणखी एक बाटली आणा.

त्या सकाळी तुम्ही कोपऱ्यावरचा वॉल फिरवून चहाला आत आलात. टँककडे पाहिलंत, झाकण उचलून वास घेतलात आणि म्हणालात, “भाऊ, पहिले पानी पाळ, मासा मंग पाळ.” मला वाटलं, गंमत करताय. तुम्ही मात्र सायकलच्या पिशवीतून ओटीची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडीनची बाटली काढलीत. नुकतंच आलेलं नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन दोन थेंब टाकलेत. पाणी पिवळं झालं. हे क्लोरीन, म्हणालात. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम राहिलं पाहिजे, म्हणूनच आपल्याला कावीळ-जुलाब होत नाहीत. जे जंतू मारतं ते माशाचे कल्लेही जाळतं. तुमची उभी नोकरी पाण्यात क्लोरीन आहे ना हे बघण्यात गेली आणि घरच्या हौदातले गप्पी जगवायला तुम्ही रोज ते उडवत होतात, याचं मला अजून हसू येतं. परीक्षानळीतलं पाणी मी टँकमध्येच ओतायला निघालो, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. ते मोरीत, टँकमध्ये कधीच नाही. हीसुद्धा मदतच.

खरं दुखणं मात्र क्लोरीनच्या पुढचं होतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेला खाऊ कुजला की त्याचाही अमोनियाच होतो. नव्या टँकमध्ये तो पचवणारे जीवाणू नसतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. ही फौज फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर बसते आणि बसायला चार ते सहा आठवडे घेते. आणि मी टाकत होतो ते निळं औषध याच जीवाणूंच्या मुळावर उठतं. बाटली कचऱ्यात गेली. पांढऱ्या खड्यांवर तुम्ही लिंबू पिळलंत, फस्स करून फेस आला. चुनखडीचा भाऊच हा, पाणी आणखी जड करणार. त्याऐवजी काळी बारीक खडी धुऊन टाकायला लावलीत. तिच्यावरही लिंबू पिळून पाहिलं, ती ढिम्म.

उरलेले दोन गोल्डफिश तुम्ही डब्यात घालून हौदात नेलेत. जाताना बजावलंत, हा थंड पाण्याचा मासा, खान्देशात कशाला आणता? दुसऱ्या दिवशी तुमच्या घरच्या फिल्टरमधला जुना तपकिरी स्पंज आणलात, ओल्या फडक्यात गुंडाळून. तो धुवायचा नाही, वाळू द्यायचा नाही. बायको पटकन म्हणाली, “म्हणजे विरजणच की!” त्या एका शब्दाने मला सगळं कळलं, इतके दिवस इंटरनेटवर वाचून कळलं नव्हतं.

मग जीवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रिकाम्या टँकला खाऊ घालणं सुरू झालं. चिमूटभर, एक दिवसाआड, मासा एकही नाही. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, मासे दिसत नाहीत का आम्हाला? कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी अमोनिया लिहू लागलो. पाणी तपासायच्या किटमधले थेंब टाकले की पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर अमोनिया आहे. तीन आठवडे हिरवंच. थंडीत जळगावचा पारा दहाच्या खाली उतरला की दहीसुद्धा लागत नाही, तसंच हे विरजणही धरेना. तुम्ही हीटर लावून पाणी २६ अंशांवर ठेवायला सांगितलंत. मग हिरवं फिकटलं, नायट्राइटची नळी जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट आलं, आणि एका सकाळी ती निळी झाली, म्हणजे तेही संपलं. संक्रांतीआधीच्या रविवारी दोन्ही नळ्या सलग तिसऱ्या दिवशी स्वच्छ आल्या. मी दार वाजवून तुम्हाला उठवलं होतं, आठवतंय ना? त्या संध्याकाळी भरीत-कळण्याची भाकरी झाली आणि तुमच्या हौदातले सहा गप्पी टँकमध्ये आले. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवतापवाले वाटतात तेच. दोन नर, चार माद्या. दुकानातल्या पाचशेच्या जोडीपेक्षा मला हेच देखणे वाटतात. यावर आपला वाद आहे, तुम्हाला अजून गोल्डफिशचं आकर्षण आहे.

उन्हाळ्याची भीती तुम्ही आधीच घातली होती. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचं विष जास्त चढतं, दोन्ही बाजूंनी मार. मेमध्ये बाहेर ४५च्या घरात असताना आम्ही कूलरसमोर आणि टँकवर टेबलफॅन. पाणी दोन-तीन अंश उतरत होतं, पण रोज तांब्याभर उडूनही जात होतं. नुसतं वर पाणी घालत राहिलो असतो तर क्षार साठत गेले असते. म्हणून थोडं काढायचं आणि थोडं घालायचं, हा नेम तुमचाच. बर्फाची बाटली तरंगवायची आयडिया मी काढली होती, तुम्ही नुसतं बघितलंत. मी गपचूप ती फ्रीजरमध्ये परत ठेवली. एकदा भरदुपारी पाच तास लाइट गेली तेव्हा बॅटरीवरच्या हवेच्या पंपाने वाचवलं. डासांचा फवारा मारायचा असेल तर आधी टँक झाकायचा आणि पंप बंद करायचा, हे बायकोने फ्रीजवर चिकटवूनच ठेवलंय.

तुमच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, वेळेवर वॉल फिरवतो. पण गेल्या गुरुवारच्या पाण्याला वास होता आणि सांगायला तुम्ही नव्हता. तुम्ही देऊन गेलेल्या बाटलीतले दोन थेंब मीच टाकले. गर्द पिवळं! बादल्या दोन दिवस अंगणात उघड्या ठेवल्या, पुन्हा थेंब टाकून बघितले आणि मगच टँकचं पाणी बदललं. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळला, नळाखाली नाही. लेक शेजारी उभी राहून तपासत होती, अगदी तुमच्यासारखी, कमरेवर हात ठेवून.

पिल्लं आता चाळीसच्या वर गेली आहेत आणि दोन फुटांत मावेनात. येत्या रविवारी डबा घेऊन येतो. हौदात जागा करून ठेवा आणि त्या दोन गोल्डफिशना सांगा, पाहुणे येताहेत.

तुमचा,
गल्लीच्या शेवटच्या नळाचा भाऊ
जळगाव