अलिबागहून मित्रास पत्र : कान्होजींच्या जागा

अलिबाग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. शाळेतील मुलांना घेऊन नागपूरहून कोकणात यायचे आणि सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांच्या जागा त्यांना दाखवायच्या, हा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. कोणकोणते किल्ले पाहावेत, असे तू विचारले आहेस. किल्ल्यांची नावे मी पुढे लिहितोच. परंतु माझा एक आग्रह आहे आणि तो तुला कदाचित विचित्र वाटेल. कान्होजी समजून घ्यायचे असतील, तर समुद्र दिसण्याआधी घाटमाथ्यावर थांब. तुमची गाडी पुण्याहून लोणावळ्यामार्गेच खाली उतरेल. लोणावळ्याला लागूनच वळवण आहे. तिथे तट नाही, बुरूज नाही. आज लोक ते गाव ओळखतात ते धरणामुळे. तरीही कान्होजींच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय त्या परिसरात झाला, असे माझे ठाम मत आहे.

तो प्रसंग मुलांना नीट सांग. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि छत्रपतींची गादी कोणाची, यावरून ताराबाई आणि शाहू यांच्यात युद्ध सुरू झाले. कान्होजी त्या वेळी ताराबाईंच्या बाजूने होते. त्यांच्यावर चालून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांचा त्यांनी पराभव केला, त्यांना कैद केले आणि लोणावळ्याजवळचा लोहगडही घेतला. समुद्रावरचा हा माणूस घाट चढून वर आला होता आणि साताऱ्याला, शाहूंच्या दरबाराला, त्याची धास्ती वाटू लागली होती. अशा वेळी शाहूंनी बाळाजी विश्वनाथ यांना नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवाईची वस्त्रे देऊन कान्होजींकडे पाठवले. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच त्यांच्या घराण्याने सोसलेला होता, त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला रात्री कशाची चिंता असते, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. त्या हिवाळ्यात वळवणला दोघांमध्ये समेट झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले, बहिरोपंतांची सुटका केली. सरखेलपद आणि कोकणातील किल्ले कान्होजींकडे कायम राहिले.

जिंकत असलेल्या माणसाने तह का करावा, हा प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे, आणि कोणी विचारला नाही तर तूच विचार. मला त्याचे उत्तर असे दिसते. समुद्रावर कान्होजींना तीन शत्रू होते : जंजिऱ्याचा सिद्दी, मुंबईचे इंग्रज आणि गोवा, चौल, वसई येथे बसलेले पोर्तुगीज. या तिघांशी लढताना पाठीवरचा सह्याद्री आपला असला, तर किनारा टिकतो. घाटावरूनच शत्रू उतरू लागला, तर जगातील कोणताही जलदुर्ग उपयोगाचा नाही. पाठ सुरक्षित करण्यासाठी त्यांनी हातातला विजय सोडला. त्यांचे शौर्य सगळेच सांगतात. माझ्या दृष्टीने ही राजकारणी समज त्याहून दुर्मीळ आहे.

आता खाली उतरून अलिबागला ये. कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर वेळ भरती-ओहोटीची पाहावी लागते, आणि इथे मुलांना आमच्याकडचा जुना हिशेब शिकव. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे साधारण सव्वाआठला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, दुपारी सव्वादोनच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते, तेव्हा पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते खूप मागे जाते, पण याच हिशेबाने तेव्हा पूर्ण ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास येते. म्हणून एकादशी-द्वादशी धरून या. पाणी उतरत असतानाच निघावे आणि चढू लागण्याआधी परतावे. मुले बरोबर असताना यात मुळीच सूट घेऊ नये. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसांना विचारावे.

हा किल्ला बांधण्याची आज्ञा शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अगदी अखेरीस दिली आणि काम संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. तटाजवळ गेल्यावर मुलांना दगड पाहायला लाव. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत, सांध्यात चुना भरलेला नाही. लाटेचे पाणी त्या फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये पिण्याचे पाणी, यावरच वेढ्यात किल्ला किती दिवस तग धरणार हे ठरत असे, म्हणून मंदिराआधी पुष्करणी दाखव. सिद्धिविनायकाचे मंदिर १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधले, म्हणजे ते कान्होजींनी पाहिलेले नाही. चाकांच्या गाड्यांवरील ज्या दोन तोफांजवळ सगळे छायाचित्रे काढतात, त्यांवर १८४९ हे साल आहे आणि त्या इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या आहेत. मुलांनी त्या आंग्र्यांच्या तोफा समजून परत जाऊ नये.

किल्ल्यावरून किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि १७२१ चा डिसेंबर सांग. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आधी विजयदुर्गावर आणि खांदेरीवर आरमार पाठवून पाहिले होते. दोन्हीकडे अपयश आले. मग इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूज याच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाच्या युद्धनौका आल्या, पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय स्वतः आला आणि मिळून सुमारे सहा हजारांची फौज कुलाब्यावर चालून आली. आदल्याच वर्षी, १७२० मध्ये, कान्होजींनी किनाऱ्यावर हिराकोट बांधून ठेवला होता. तो तुला शहरातच दिसेल, पण आज तिथे कारागृह असल्यामुळे बाहेरूनच पाहावा लागेल. हल्ला फसला, आणि तो फसण्याचे मुख्य कारण असे की घाटावरून मराठ्यांची फौज उतरली. तिच्यासोबत होते बाळाजीपंतांचे चिरंजीव, एकवीस वर्षांचे बाजीराव पेशवे. वळवणला दिलेला शब्द आठ वर्षांनी कुलाब्याच्या वाळूत पाळला गेला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी वरसोलीला तह केला आणि इंग्रज एकटे पडले. वरसोली अलिबागच्या उत्तरेला अगदी लागून आहे. लोक तिथे समुद्रात पोहायला जातात; तुम्हीही जा, पण आधी तहाची गोष्ट सांगून.

इंग्रजांनी कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटले, आणि दुर्दैवाने आपल्याकडेही काही जण तसेच म्हणत आले. याचे उत्तर खांदेरीवर मिळते. थळच्या किनाऱ्यावरून होडीने तिथे जाता येते. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच हे बेट आहे. ते शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधाला न जुमानता १६७९ मध्ये बांधून काढले आणि शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने लगेच आपला कोट उभारला. इतक्या जवळ दोन शत्रू समोरासमोर बसलेले मी अन्यत्र पाहिलेले नाहीत. कान्होजींचा नियम साधा होता. या किनाऱ्यावरून व्यापार करायचा असेल, तर सरखेलांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, त्याची रक्कम भरावी आणि निर्धास्त जावे. दस्तक नसलेले जहाज धरले जाईल. पोर्तुगीजही परवाने देत होते आणि इंग्रजही देत होते. आपल्याच किनाऱ्यावर तोच अधिकार मराठ्यांच्या सरखेलाने बजावला, तेव्हा मात्र ती लूट ठरली. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकादेखील धरली होती. त्यांना लुटारू ठरवण्याचा हा अन्याय मला आजही बोचतो, म्हणून इतके सविस्तर लिहितो आहे. खांदेरीच्या दीपगृहाला आज कान्होजींचे नाव आहे, आणि मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ म्हणतात, हे मुलांना अवश्य सांग.

सुवर्णदुर्गासाठी हर्णैला जावे लागेल. कान्होजींचे वडील तुकोजी याच किल्ल्यावर चाकरीला होते आणि मुलाचे बालपण इथेच गेले. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार फितूर होत असल्याचे कळताच तरुण कान्होजींनी किल्ला हाती घेतला, शत्रूच्या कैदेत सापडले आणि तिथून निसटून पोहत परत आले, अशी कथा आमच्याकडे घरोघरी सांगतात. कथा म्हणूनच सांग. मुलांना ती आवडेल. होडीतून जाताना किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला ओळखून दाखव, आणि परतताना हर्णैचा माशांचा लिलाव चुकवू नकोस.

विजयदुर्ग मात्र घाईने पाहू नये, तिथे मुक्काम कर. वाघोटण खाडीच्या मुखावरचा हा तिहेरी तटाचा किल्ला आणि खाडीत आत, गिर्ये गावाजवळ, खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी, या दोन्ही जागा एकत्र पाहिल्या तरच आरमार म्हणजे काय हे समजते. कान्होजींची गुराबे, म्हणजे शिडांची मोठी लढाऊ जहाजे, आणि त्यांहून लहान गलबते उथळ तळाची होती. वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी गलबते गुराबांना ओढून नेत, आणि वाऱ्यावर अवलंबून असलेल्या मोठ्या इंग्रजी जहाजाला मागच्या बाजूने गाठत, कारण तिकडे त्याच्या तोफा कमी असत. पाठलाग झालाच तर ती खाडीत आत शिरत. खोल तळाच्या जहाजाला तिथे येता येत नसे. गोदीत जहाजे दुरुस्त होत. ही गोदी पाहायला फारसे कोणी जात नाही, आणि तिच्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांची समाधी अलिबाग शहरातच आहे. कुलाब्याहून परतल्यावर तिथे मुलांना थोडा वेळ बसव. त्यांच्यामागे त्यांच्या पुत्रांमध्ये भांडणे झाली, कुलाबा मानाजी आंग्र्यांकडे आणि विजयदुर्ग संभाजी आंग्र्यांकडे, पुढे तुळाजी आंग्र्यांकडे गेला. तुळाजींचे आणि पेशव्यांचे पटले नाही. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गासमोर आंग्र्यांचे आरमार जाळले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, आणि ते पेशवे नानासाहेब म्हणजे बाजीरावांचे पुत्र. दोष एकट्या पेशव्यांचा नाही. तुळाजींनीही घाटावरचे नाते सांभाळले नाही. पण ज्या समेटाने कुलाबा वाचवला होता, तो तुटल्यावर विजयदुर्गाचे तिन्ही तट कामाला आले नाहीत. म्हणून मी तुला वळवणला थांबायला सांगतो आहे.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत, पण सरखेलांची राजधानी असलेला कुलाबा नाही. मुलांनी यादीवरूनच प्रवास आखला, तर तो गळेल. तू तो गाळू नकोस.

तुमचा महिना नक्की झाला की कळव, म्हणजे पंचांग पाहून तिथी आणि होडीची वेळ मी आधीच ठरवून ठेवीन. पावसाळ्यात मात्र येऊ नका, कारण तेव्हा होड्या बंद असतात. मुलांची जेवणाची व्यवस्था अलिबागला माझ्याकडे. वहिनींना सप्रेम नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र