सुडोकूशेजारी एक रिकामी चौकट द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की नोकरी आणि लोकलच्या रगाड्यात छंद जगत नाहीत, चित्रं-गाणी काय ती निवृत्तीनंतर. मी ५१ वर्षांची आहे. राहते बदलापूरला, नोकरी फोर्टात, हिशेब खात्यात. रोज एक चित्र काढते. सवड आहे म्हणून नव्हे. सवड मिळाली तेव्हा काय झालं ते पुढे सांगतेच.

सुरुवात आपल्याच अंकावर झाली. २०१८चा पावसाळा, कुर्ल्याच्या अलीकडे गाडी पाऊण तास थांबलेली. पेपर वाचून संपला होता, हातात बॉलपेन होतं. समोर आमच्या ग्रुपमधल्या काकू गवार मोडत होत्या. त्यांचे हात मी शेअरबाजाराच्या कोष्टकाशेजारच्या कोऱ्या पट्टीत काढले. काकूंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा अंगठा आहे की भेंडी? आज गवार आहे माझ्याकडे." सगळा डबा हसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून हात पुढे केला, "घे, आज नीट काढ."

त्याआधी २७ वर्षं मी रेघ ओढली नव्हती. शाळेत इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत मला 'ब' श्रेणी होती. स्मरणचित्राला, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राला, आमच्या बाईंनी एक आठवडे बाजार घोटून घेतला होता: डावीकडे झाड, मधे छत्रीखाली भाजीवाली, उजवीकडे टोपलीवाला. अख्ख्या वर्गाने परीक्षेत तोच बाजार काढला. चित्र काढण्यासाठी त्या बाजाराकडे कधी बघावं लागतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आता इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. शेजारच्या मुलीने ते मिळवले आणि निकालाच्या दिवशी रंगपेटी धाकट्या भावाला देऊन टाकली. तिला काय बोलणार, मीही तेच केलं होतं.

खरं स्मरणचित्र मला लोकलने शिकवलं. अंबरनाथ सुटलं की वही काढायची, डोंबिवली आली की मिटायची. त्यानंतर कोपर हलवायलाही जागा नसते. कल्याणच्या अलीकडे गाडी सांधा बदलते तेव्हा रेघ उडी मारते. माझ्या वहीतल्या कितीतरी बायकांच्या नाकावर तो सांधा आहे. पेन्सिल वापरत नाही, कारण पेन्सिल आली की खोडरबर येतं, आणि खोडरबर आलं की कल्याण येईपर्यंत एकच डोळा होतो. समोरची बाई अर्ध्यातच उतरली तर उरलेला चेहरा आठवून पुरा करायचा. सुरुवातीला आठवायचंच नाही काही. टिकली होती की नव्हती? केस कानाच्या मागे की पुढे? दोन वर्षं समोर बसणाऱ्या बाईचं कानातलं मला सांगता येत नव्हतं. चित्र बरं येणं फार नंतरचं. आधी हे असं थोडं थोडं दिसायला लागलं.

तसंच सीएसएमटीचं. २२ वर्षं त्या इमारतीतून धावत ये-जा केली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे, हे कळलं ते संध्याकाळची गाडी चुकली त्या दिवशी. इमारत १८८७ची. तिच्यावरच्या कोरीवकामात तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे.जे.च्या, विद्यार्थ्यांचे हात आहेत. एक अख्खा जानेवारी मी रोज उभ्याने, पर्स काखेत दाबून, पाच मिनिटं तिथलं काहीतरी काढलं. वाघ जमलेला नाही. बसलेल्या मांजरीवर रागावल्यासारखा दिसतो.

आता सवडीचं. मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाल्या. घरात वेळच वेळ. भावाने पुण्याहून आणलेली जाड कागदाची सुंदर वही कपाटातून बाहेर काढली. सात महिन्यांत त्यात किती चित्रं झाली? ९. दुपारी काढू, चहानंतर काढू, उजेड गेला, उद्या काढू. शिवाय असल्या कागदावर भेंडीसारखा अंगठा काढायचा जीवही होत नाही. त्या वहीत पुढे दूधवाल्याचा हिशेब सुरू झाला, तो अजून चालू आहे. २१ ऑक्टोबरपासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलची मुभा मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात, मास्क लावून, माझी ६ चित्रं झाली. सगळी डोळ्यांची, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं.

म्हणून त्या गृहस्थांना माझं नम्र सांगणं, की निवृत्तीची वाट बघू नका. माझी तर उलटी पंचाईत आहे: निवृत्त झाल्यावर चित्रांसाठी पास काढावा लागेल की काय!

मार्चअखेरीला मात्र दमछाक होते. रात्री दहाची गाडी, डोळे मिटत असतात. त्या दिवसांत स्टेपलर, डब्याचं झाकण, समोरचीची चप्पल, जे असेल ते तीन रेघांत. तारीख घालायची, झालं. आई रुग्णालयात होती तेव्हा १९ दिवस पानं कोरी गेली, ती मी तशीच ठेवली आहेत.

आपल्याकडे एक मागणी आहे. रविवारच्या बालचित्रांच्या स्पर्धेबद्दल नव्हे, ती चालू द्या. रोजच्या अंकात, सुडोकूच्या शेजारी, एक रिकामी चौकट सोडा. चार सेंटिमीटर बाय चार पुरे. आपल्या कागदावर जेल पेन पसरतं, बॉलपेन छान चालतं. चौकटीवर काही छापू नका. 'आजचे चित्र' असंसुद्धा नको. आणि कृपा करून तिथे जाहिरात घालू नका.

आपली एक वाचक,
बदलापूर (पूर्व)