मॅडम, आम्ही तर चष्म्याचा नंबर काढायला आलो होतो

नमस्कार मॅडम,

रोज इतके पेशंट बघता, आठवत असेल की नाही माहीत नाही, पण मागच्या मे महिन्यात दुपारी तुमची जेवायची वेळ टळत आलेली असताना एक नऊ वर्षांचा लंबूटांग पोरगा आणि त्याची कावलेली आई आली होती ना, ती मी. दीड वर्षात चौथा चष्मा. आधी एका ठिकाणी सांगितलं मोबाईल बंद करा, दुसरीकडे म्हणाले गाजर द्या, आणि नातेवाईकांचं वेगळंच, काडी झालाय, खायला घालत नाहीस का म्हणून.

तुम्ही ड्रॉप्स टाकून मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं आणि मग एकदम म्हणालात, बाळा अंगठा आत घेऊन मूठ मिट बघू. अख्खं नख करंगळीच्या बाजूने बाहेर! मला वाटलं मॅडम खेळतायत त्याच्याशी. मग कागदावर काढून दाखवलंत, डोळ्यातलं भिंग ज्या दोऱ्यांवर टांगलेलं असतं त्या सैल पडल्यात, भिंग वर सरकलंय, आणि त्या दोऱ्या ज्या फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाच्या असतात तेच हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत, अओर्टातही असतं, तर उशीर न करता टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा.

मारफान सिंड्रोम. पाच हजारात एखाद्याला होतो म्हणे. १८९६ साली पॅरिसच्या डॉक्टर मारफाननीही एका पाच वर्षांच्या मुलीच्या लांब बोटांबद्दलच लिहिलं होतं, हे मी रात्री जागून वाचलं, झोप कुठली येतेय.

इकोत अओर्टा मुळाशी फुगलेली निघाली, गोळी सुरू झाली, जीन टेस्टमध्ये एफबीएन १ आलं, म्हणजे फायब्रिलिन बनवणाऱ्या जीनमध्येच दोष. पण तुम्ही ह्यांचाही इको करायला लावलात ते मी विसरणार नाही. सहा फूट दोन इंच माणूस, काही त्रास नाही, हसत हसत गेले आणि ४.६ सेंटीमीटरपर्यंत फुगलेली अओर्टा घेऊन आले. सासरे ४१व्या वर्षी शेतात छातीला हात लावून खाली बसले ते उठलेच नाहीत, घरात सगळे अटॅकच म्हणतात, पण आता भिंतीवरच्या फोटोत मला त्यांची बोटंच दिसतात. धाकटीचा इको नॉर्मल आला बरं का, तेव्हा कुठे मी रडले.

कबड्डी बंद झाली म्हणून पोरगं तुमच्यावर अजून रागावलेलंय, पण येईल त्या पाहुण्याला मूठ मिटून नख दाखवतं. पुढच्या महिन्यात इकोला येतोय, येताना तुमच्याकडे डोकावू. शेंगदाण्याची चटणी आणतेय, नको म्हणू नका.