माठवाल्या आबांस अनावृत पत्र

आदरणीय आबा,

सादर नमस्कार.

गेल्या आखाजीच्या चार दिवस आधी धुळ्याच्या बाजारात आपल्याकडे घागर घ्यायला आलेली आणि पिशवीतून जेडचे एक मरणासन्न रोप बाहेर काढणारी बाई आपल्याला आठवत असेल, तर ती मीच. त्या दिवशी घागरीचे पैसे देऊन मी निघून गेले; आभार मानायचे राहिले, कारण घसा दाटून आला होता आणि भर बाजारात एका रोपासाठी डोळ्यांत पाणी आणणे माझ्या वयाला शोभले नसते. हे पत्र आपली नात आपल्याला वाचून दाखवील अशी आशा आहे.

मी आपल्याकडे कुंडी मोठी हवी म्हणून आले होते. मांसल पानांची ही झाडे माझ्याकडे टिकत नव्हती. तीन वर्षांत एक एकेव्हेरिया आणि दोन हॉवर्थिया गेल्या होत्या, आणि चौथे हे जेड देठाशी काळे पडू लागले होते. ज्या रोपवाटिकेतून ती आणली, तेथील मालकांनी प्रत्येक वेळी मला नवे काहीतरी विकले : आधी बुरशीनाशक, मग कसलेसे टॉनिक, मग त्यांच्याच पिशवीतली ‘तयार माती’, जी वरून कोकोपीट पसरलेली आपली काळी माती आणि शेणखत एवढीच होती. तिसऱ्या खेपेस, इतर गिऱ्हाइके उभी असताना, ते हसून म्हणाले, “मॅडम, काहींच्या हाताला गुणच नसतो.” हे वाक्य माझ्या आधी घरी पोहोचले. पुढे कोणी थट्टेने, कोणी काळजीने ते उच्चारत राहिले, आणि खरे सांगायचे तर तुळशीला पाणी घालतानाही मी बिचकू लागले होते.

आपण मोठी कुंडी दाखवली नाहीत. गोणपाटावर माझी कुंडी उलटी केलीत, तेव्हा माती कुंडीच्याच आकाराचा गोळा होऊन बाहेर आली आणि तिला नाल्याचा वास येत होता. “हे झाड मला ठाऊक नाही,” असे आपण आधीच सांगितलेत. मग त्या गोळ्यातील चिमूटभर माती तळव्यावर घेऊन तिची वातीसारखी वळी वळलीत. ती बोटभर लांब झाली, वाकली, तरी तुटली नाही. ती वळी आपण माझ्या तळहातावर ठेवलीत, माझी बोटे स्वतःच्या हाताने तिच्यावर मिटलीत आणि म्हणालात, “हातमा खोट नही, बाई. खोट माटीमा शे.”

आबा, त्यानंतर आपण जे जे केलेत, ते उपयोगाचे होतेच. पण माझ्या लेखी सारे या एका कृतीत आले. ज्या हाताला गुण नाही असे ठरले होते, त्याच हातावर आपण पुरावा ठेवलात.

वळी न तुटणे म्हणजे माती चिकण, हे मला कळायला हवे होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. बेसाल्ट खडक झिजून झालेली आपल्या खान्देशची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ओल धरून ठेवते म्हणूनच तिच्यात कपाशी पिकते, हे मी फळ्यावर कितीदा लिहिले आहे. इतर झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात, जेडसारखी झाडे मात्र बाष्प वाचवण्यासाठी ती मुख्यतः रात्री उघडतात, हेही मी शिकवले आहे. या क्रियेला तर जेडच्याच कुळाचे नाव मिळाले आहे. पाण्याच्या थेंबाथेंबाची अशी काटकसर करणारे, मूळचे दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या, खडकाळ उतारांवरचे झाड मी कपाशीच्या रानात लावले होते आणि वर रोज सकाळी पेलाभर पाणी घालत होते. चिकण मातीतील बारीक पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मोठ्या कुंडीत तर तेवढीच मुळे आणखी ओल्या मातीत बुडाली असती.

आपण हे फार थोडक्यात सांगितलेत. माठासाठी माती निवडताना ती एकमेकीला धरून राहणारी लागते, आणि या झाडाला नेमकी सोडून देणारी लागणार, एवढेच. माती धरते कशी हे ज्याला रोज हाताने कळते, त्यालाच ती सोडील कशी हेही सांगता येते, असे मला त्या दिवसापासून वाटते.

मग आपण भट्टीच्या कडेचा विटांचा आणि खापऱ्यांचा चुरा आणून दोनदा चाळलात. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचे खडे ठेवलेत आणि खालची बारीक भुकटी, जी मी मोठ्या आशेने पिशवीत भरू लागले होते, ती बाजूला सारलीत. तीच पोकळ्या बुजवते. या चुऱ्यात धुतलेली भरड वाळू मिसळून त्याचे तीन भाग आणि जुने, पूर्ण कुजलेले खत घातलेल्या मातीचा एक भाग, असे माप ठरले. बाकी कृती मी येथे लिहीत बसत नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तळाशी गोट्यांचा थर द्यावा, असे मी सर्वत्र ऐकले होते आणि आपल्याशी त्यावरून वादही घातला. आपण नुसते भोक मोठे केलेत, त्यावर एक वाकडी खापरी ठेवलीत आणि वरपर्यंत एकच मिश्रण भरायला सांगितलेत. नंतर मी शाळेत काचेच्या दोन नळ्या भरून पाहिल्या : बारीक मातीतून उतरणारे पाणी गोट्यांच्या थरापाशी अडून राहते आणि वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय खाली जात नाही. आठवीच्या मुलांना तो प्रयोग इतका आवडला की तो आता दरवर्षी होईल.

चुऱ्याचे पैसे आपण घेतले नाहीत, याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. आपल्या भागात अशी माणसे अजून आहेत. आश्चर्य वाटले ते “हे झाड मला ठाऊक नाही” या वाक्याचे. ज्यांचा झाडांचाच व्यवसाय, त्यांनी तीन वर्षांत एकदाही कुंडी उलटी करून पाहिली नाही, पण दोष मात्र क्षणात सांगितला. जे ठाऊक नाही ते प्रथम सांगून मग ठाऊक असलेले मोकळेपणाने देऊन टाकणे, याला मी सज्जनपणा म्हणते, आणि तो मला वर्गातही फार वेळा साधलेला नाही.

रोपाचे बूड वाचले नाही. मात्र कुजलेल्या भागाच्या वरून कापलेल्या तीन फांद्या मी सावलीत आठवडाभर सुकवल्या आणि काप भरून आल्यावर आपल्या कोरड्या चुऱ्यात लावल्या. लगेच पाणी न घालण्याचा तो आठवडा रोपांपेक्षा मलाच जड गेला. त्यांपैकी दोन जगल्या. मे महिन्याची उन्हे त्यांनी गॅलरीच्या सावलीत काढली, पावसाळा पत्र्याखाली काढला, आणि आता पूर्वेच्या खिडकीत त्यांना जोडी-जोडीने नवी पाने येत आहेत. पाणी मी बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून, आत कोरडे लागले तरच घालते.

“जगलं तर नातीसाठी एक फांदी आणा,” असे आपण निघताना म्हणाला होतात. ती कापून ठेवली आहे आणि गेले चार दिवस वर्तमानपत्रावर सुकते आहे. येत्या रविवारी घेऊन येईन. कुंडी आपलीच घेईन, आणि या वेळी तिचे पैसे आपण मुकाट्याने घ्यावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
घागरवाली बाई